बिडाचे रोलर आणि माझा उजवा डोळा

माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला, चष्म्यानंही फरक पडणार नाही. त्याचं मला कधी फार वाईट वाटलं नाही, कारण उजवा डोळा पक्का होता. इंझोरीतल्या आमच्या घराच्या दारात उभी राहून मी पांदणीनं येणारं माणूस कोण ते लांबूनच सांगायची. मायला सुईत दोरा मीच ओवून द्यायची. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तोही त्या एका डोळ्याच्या भरवशावर.

नोकरी लागली ती नागपूरकडच्या एमआयडीसीत, एका लहान वर्कशॉपमध्ये. शेठनं लेसरची मशीन नवीनच घेतली होती. तिच्यावर आम्ही दोघंच असायचो. एक मी, आणि दुसरे मंगरूळपीरकडचे, वयानं मोठे ऑपरेटर. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, मीही तेच म्हणायची. ते मला ताई म्हणायचे. आमच्याच भागातलं माणूस परक्या गावात भेटलं याचा मला मोठा आधार वाटायचा. डब्यातली ज्वारीची भाकर आम्ही वाटून खायचो.

आमच्याकडे झिजलेले भाग यायचे, बहुतेक बिडाचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. स्वस्त, जड, दाबाला पक्कं, पण सतत घासलं की झिजतं आणि ठोकलं की तडकतं. त्याच्यावर आम्ही लेसरनं टणक थर चढवायचो. रोबोटच्या हाताला एक निमुळती नळी असते. तिच्यातून लेसरचा किरण खाली पडतो, आणि तो पडतो त्याच जागी निकेलची पावडर आणि टंगस्टन कार्बाइडचे बारीक दाणे फवारले जातात. हे दाणे म्हणजे एक प्रकारचं सिरॅमिक, फार कठीण. बीड क्षणभर वितळतं, पावडर त्यात मिसळते, नळी पुढे सरकते आणि मागं चकचकीत पट्टी थिजून राहते. अशी पट्टीला पट्टी लावत सगळा भाग झाकायचा. काम साधलं तर जुना भाग नव्याहून जास्त टिकतो.

साधणं मात्र कठीण होतं. बिडात कार्बन फार. लेसरची आच लागली की कधी त्यातून बुडबुडे उठायचे, कधी थराच्या खालची कड काचेसारखी ठिसूळ व्हायची. मग भाग निवायला लागला की आतून 'टिक' असा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की भाऊ आणि मी एकमेकांकडे पाहायचो. थराला भेग गेली म्हणजे सगळं खरडून पुन्हा सुरुवात.

त्या वर्षी सोयाबीनच्या तेल कारखान्यातले रोलर आले होते. कारखान्यात दोन रोलरच्या मधून सोयाबीन फोडतात. दाण्यासोबत शेतातली माती, वाळू जाते आणि ती रोलरला खाते. हे आमच्याच शेतातल्या मातीनं खाल्लं असेल, असं मी भाऊंना म्हणाले होते, तर ते हसले होते. पण काम हसण्यासारखं चाललं नव्हतं. रोलर एकामागून एक तडकत होते. शेठ रोज मशीनपाशी येऊन उभे राहायचे आणि आमच्याकडे न पाहता रोलरकडे पाहायचे. शेवटी असं ठरलं की रोलर आधी भट्टीत तापवायचा, गरम असतानाच थर चढवायचा आणि मग भट्टीला आतून लावतात त्या न जळणाऱ्या लोकरीत गुंडाळून त्याला हळूहळू निवू द्यायचं.

गरम रोलर कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे सगळं घाईत व्हायचं. मशीनच्या खोलीचं दार उघडं असलं तर लेसर सुरू होऊ नये म्हणून दाराला एक स्विच असतो. आमच्याकडे त्या स्विचला तार लावून ठेवली होती, म्हणजे दार सताड उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटायचं. कुणी लावली, केव्हा लावली, मला माहीत नाही. मी आले तेव्हा ती होतीच.

लेसरचा हा किरण डोळ्याला दिसत नाही. नळी नेमकी कुठं रोखली आहे ते कळावं म्हणून एक लाल ठिपका असतो, त्याच्यानं काही होत नाही. त्या दिवशी मी आत वाकून तो ठिपका रोलरच्या कडेवर आणत होते. रोलरची झळ तोंडावर येत होती. घामानं गॉगल आतून धुरकटला, म्हणून मी तो कपाळावर सरकवला. जुळवणीच्या वेळी भाऊही तसंच करायचे, लेसर बंदच असायचा ना. ठिपका कडेवर आला. मी म्हणाले, "आला."

भाऊ बाहेर बटणापाशी होते. पंख्याच्या आवाजात त्यांना ऐकू आलं, "आले." त्यांना वाटलं, मी बाहेर आले.

दुखलं नाही. डोक्याच्या आत कुठंतरी बारीकसा फुगा फुटावा तसं झालं, आणि पांढरा-हिरवा उजेड पसरला. रोलरची कड नुकतीच घासून आरशासारखी केलेली होती, तिच्यावरून किरण उलटून माझ्या डोळ्यात आला असणार. भाऊंनी लगेच मशीन थांबवली आणि धावत आले.

"ताई, आतच होत्या काय तुमी?"

"काही नाही झालं," मी म्हणाले.

"डोये पाहू."

"दिपले थोडे. होतील बरे. रोलर निवून जाईल, चला."

आणि आम्ही काम पुरं केलं. मी बाहेर उभी राहून बटण दाबलं, पट्टीला पट्टी लागत गेली, रोलर लोकरीत गुंडाळला. सगळा वेळ समोर एक उजेड तरंगत होता. फोटोच्या फ्लॅशनंतर तरंगतो तसा जाईल, असं मी धरून चालले होते.

सकाळी खोलीवरच्या आरशात पाहिलं तर उजेड गेला होता आणि त्याच्या जागी राखेच्या रंगाचा डाग होता. आरशात माझे केस दिसत होते, कान दिसत होते, गळ्यातली माळ दिसत होती. चेहरा नव्हता. डावा डोळा त्या जागेत काहीतरी धूसर भरू पाहत होता, पण ते पाण्यात कालवलेल्या पिठासारखं. मी तोंड धुतलं, पुन्हा पाहिलं. मग तयार होऊन कामावर गेले, कारण रोलर उघडायचा होता आणि घरी बसून त्या आरशापुढं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

भेग पाहण्यासाठी थरावर लाल रंग फासून पुसतात आणि वर पांढरी पावडर फवारतात. भेग असली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. भाऊंनी फवारलं, रोलर फिरवून फिरवून पाहिला.

"एक बी रेघ नाही," ते म्हणाले. "ताई, पाहा ना. साफ निघाला."

मी पाहिलं. जिथं पाहायची तिथं राख होती. मी म्हणाले, "भाऊ, मला दिसत नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, पडद्याच्या अगदी मधोमध भाजलं आहे. आपण वाचतो, चेहरे ओळखतो ते त्याच जागेनं. औषध देतो, थोडं सुधारेलही, पण जे जळलं ते परत येत नाही. दुसरा डोळा कसा आहे, असं त्यांनी विचारलं आणि तोही तपासला.

शेठनं एकच विचारलं, "गॉगल घातला होता ना?" ते म्हणाले, आधी घरी जा, आराम कर, मग पाहू. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.

मंगरूळपीरच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपार होती. समोर बस उभ्या होत्या आणि एकीचीही पाटी मला वाचता येत नव्हती. एका बाईला विचारलं, "ही इंझोरीला जाते का?"

"लिहेल तं हाय समोर," ती म्हणाली. मी तशीच उभी राहिलेली पाहून तिनं विचारलं, "शाळेत नाही गेली काय वं?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं माझा दंड धरला आणि मला बरोबर बसपाशी नेऊन सोडलं.

घरी मी सांगितलं की मशीन दुरुस्तीला गेली, सुट्टी दिली. माय खूश झाली. कापसाचा पहिला वेचा चालू होता, घरात माणूस हवंच होतं. बाबांनी फक्त विचारलं, "नौकरी पक्की हाय ना?" मी हो म्हटलं.

लपवणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं आणि त्यामुळेच जास्त भयंकर. घर पाठ होतं. पाण्याचा माठ कुठं, उंबरा कुठं, हे डोळे मिटूनही सांगता आलं असतं. डागाच्या कडेकडेनं सगळं दिसत होतं. अंगण, गोठा, आभाळ, चालणारी माणसं. फक्त ज्याच्याकडे पाहावं तेच नाहीसं व्हायचं. मायकडे पाहिलं की तिचा पदर, खांदे, कान दिसायचे, मधे राख. मी बोलताना खाली पाहायला लागले. माय म्हणाली, शहरात राहून पोरगी लाजाळू झाली.

सकाळी उठलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभी राहायची. डाव्या डोळ्यावर हात ठेवायची आणि आजच्या तारखेकडे पाहायची. ती पुसली जायची. नजर हलवली की दुसरी पुसली जायची आणि पहिली कडेला उगवायची. आज जरा डाग लहान आहे, असं कधी वाटायचं. त्या वाटण्यावर दुपारपर्यंत जीव तग धरायचा. मग स्वयंपाकघरात एखादी गोष्ट हातून निसटायची आणि सगळं पुन्हा खाली बसायचं. जेवण जात नव्हतं. आपण उद्या उठलोच नाही तर बरं, असं मनात येऊ लागलं होतं आणि तसं येण्याची भीतीही वाटेनाशी झाली होती.

एकदा मायनं डाळ निवडायला दिली. मी सूप मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपत खडे शोधले. जेवताना बाबांच्या दाताखाली खडा आला. ते उठून बाहेर जाऊन थुंकून आले. दुसऱ्या घासाला पुन्हा खडा.

"तुयं ध्यान कुठी हाय?" माय म्हणाली. "एवढाले खडे तुले दिसले नाही?"

"घाईत निवडली," मी म्हणाले.

भाऊंचे फोन येत होते. मी उचलत नव्हते. त्यांच्यावर राग होता असं नाही, आणि नव्हता असंही नाही. त्यांनी माफी मागितली तर मी काय म्हणणार, हे मला ठरवता येत नव्हतं. शेवटी एके दिवशी गोठ्यामागं जाऊन उचलला.

"ताई, तब्येत कशी हाय?"

"तशीच."

मग भाऊ म्हणाले, "रोलर पुन्हा तडकून राह्यले. तो एकच साफ निघाला होता. शेठ मले रोज बोलते. तुमी लोकर कशी गुंडायत होत्या? आधी टोकाकून का मधातून? मी करतो तं टिक टिक सुरूच होते."

मी भिंतीला टेकले. "दाराच्या स्विचची तार काढली का?"

"नाही."

"काहून?"

"शेठ म्हणते, येवढा माल निघू द्या, मग पाहू."

"तुम्ही गॉगल काढता का अजून?"

"नाही, आता नाही काढत," ते म्हणाले. "ताई, माह्या घरी दोन पोरी हायेत. हे काम गेलं तं मी कुठी जाऊ? सांगा ना मले."

मी फोन ठेवला. राग आलाच, पण रागाहून वाईट काहीतरी आलं. मला त्यांचा हेवा वाटला. ते अजून त्या खोलीत होते, गरम रोलरपाशी, कान देऊन. मला ते काम हवं होतं. लोकर मी टोकाकडून गुंडाळायची, दोन्ही टोकं आधी, कारण तिथून बीड लवकर निवतं. हे त्यांना सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. मी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर मामांनी स्थळ आणलं. मुलगा धनजचा, मंगरूळपीरला कृषी केंद्रात कामाला. आता नको म्हणायला मला कारण सुचेना, आणि मायनं तर घर सारवायला घेतलं. मी ठरवलं, खाली मान घालून बसायचं. पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढं मुलीनं खाली पाहिलं तर कोण काय म्हणणार.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे काका आणि त्याची आत्या. पोह्यांचा ट्रे मी कडेनं पाहत नीट नेला. चहाही झाला. आत्या बोलकी होती, मला जवळ बसवून घेतलं. त्यांनी मागच्या वर्षी नवं घर बांधलं होतं, त्याचं सगळं सांगितलं, मग मोबाइल काढला.

"हे पाय, हे समोरून."

काहीतरी निळं दिसलं. मी म्हणाले, "छान आहे."

तिनं बोटानं पुढचा फोटो आणला. "आन हे पाय."

मला वाटलं, घराचीच मागची बाजू. मी म्हणाले, "अंगण मोठं दिसतंय."

बोलणं थांबलं. आत्याचा हात तसाच माझ्यापुढं राहिला. मग मुलाचा आवाज आला, हळू, "आत्या, राहू दे. तिले दिसत नसन."

तो फोटो त्याच्या वारलेल्या वडिलांचा होता, हार घातलेला.

त्या क्षणी मला कळलं की आता काही धरून ठेवता येणार नाही. मी मान वर केली. कुणाकडे पाहून बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून दाराच्या उजेडाकडे पाहून बोलले. "मला समोरचं दिसत नाही. कामावर डोळ्यात लेसर गेला. डावा आधीपासून अधू आहे. घरी कुणाला माहीत नाही. तुमची माफी मागते."

"केव्हापासून?" मुलानं विचारलं.

"पोळा झाल्यावर."

त्याचे काका उठले, मामांशी दोन शब्द बोलले. त्यांनी कुणाला लागेल असं काही म्हटलं नाही. जाताना आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मुलगा दारात थांबून म्हणाला, "चांगल्या डॉक्टरले दाखवा," आणि गेला. तो दिसायला कसा होता ते मला अजून माहीत नाही.

माय चुलीपाशी बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. ती माझ्याकडे पाहत होती की आणखी कुठं, मला कळत नव्हतं. मग ती म्हणाली, "पाहुण्याच्या आधी मले सांगाव वाटलं नाही तुले?"

"तू रडशील म्हणून."

"मी रडून राह्यली आता. ते तुले दिसून राह्यलं काय?"

मी नाही म्हणाले. तिनं माझा हात ओढून स्वतःच्या गालाला लावला. गाल ओला होता.

बाबांनी शेठला फोन लावला. माझ्या फोनवरून उचलत नव्हते, बाबांच्या नंबरवरून उचलला. ते म्हणाले, तुमच्या मुलीनं गॉगल घातला नव्हता, आमचा ऑपरेटर साक्षीला आहे. बाबांनी भाऊंना लावला. फोन स्पीकरवर होता. भाऊ म्हणाले, "मी बाहेर होतो, काका. मले आतलं काही दिसलं नाही." एवढंच. बाबांनी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. "बरं" म्हणून फोन ठेवला आणि ते टोपी घालून शेतात निघून गेले. माणूस खोटं बोलला की त्याच्या आवाजाला एक कोरडेपणा येतो, तो मी ऐकला होता. मला त्या दोन पोरी आठवल्या आणि मी त्यांचाही दुस्वास केला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा जळलेल्या जागी पडद्याला छिद्र पडलेलं होतं. शस्त्रक्रिया करू, म्हणाले. डोळ्यात वायूचा फुगा सोडायचा, तो पडद्याला आतून दाबून धरतो, छिद्र मिटू शकतं. पण नंतर आठवडाभर पालथं राहायचं. झोपताना, बसताना, जेवताना, तोंड जमिनीकडेच. मान वर केली की फुगा सरकला. बाबांनी याचे पैसे कसे जमवले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

परत आले तेव्हा बाबांनी बाज तयार करून ठेवली होती. डोक्याकडची सुतळी सोडवून त्यांनी तोंड मावेल एवढी जागा मोकळी केली होती आणि कडांना मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती, गालाला सुतळी काचू नये म्हणून. मी त्या भोकात तोंड घालून पालथी पडले. खाली सारवलेली जमीन होती, तीही दिसत नव्हती. फुग्यामुळं सगळं हलत्या पाण्यासारखं झालं होतं. मान अवघडायची, छाती दडपायची, नाकाला रक्त उतरल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी मी मायला म्हणाले, मला उठव, झालं तेवढं पुरे, आंधळी राहीन. तिनं उठवलं नाही. बाजेखाली चटई टाकून ती उताणी निजली, अगदी माझ्या तोंडाखाली, आणि खालून मला चमच्यानं वरण भरवलं. वरण तिच्याच अंगावर सांडत होतं.

मग ती तशीच खाली पडून राहायची आणि आम्ही बोलायचो. इतकी वर्षं मी बाहेर राहिले, पण मी करते काय हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"तिथी तू नेमकं काय करत होती?"

"झिजलेल्या बिडावर थर चढवायची."

"रंगासारखा?"

"रंग वरवर बसतो. हा आत मिसळून बसतो. तू चिक्की करतेस ना, गुळाच्या पाकात शेंगदाणे. तसा पाक निकेलचा आणि शेंगदाणे सिरॅमिकचे. घासलं की आधी पाक झिजतो, दाणे झिजत नाहीत. तेच सगळं घासणं अंगावर घेतात."

"आन हे कायले लागते?"

"सोयाबीन फोडायच्या रोलरला. मातीनं झिजतात."

अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. मग माय म्हणाली, "मंग तुह्या डोयाले असा थर नाही देता येत काय?"

ती भोळेपणानं विचारत नव्हती. नाही हे तिला माहीत होतं. तरी एकदा विचारून पाहावं, असा तो आवाज होता. मी नाही म्हणाले आणि मला रडू आलं. रडायची मनाई होती. मायनं खालून हात वर करून माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि "नको, नको, हालू नको" म्हणत राहिली. मी रडणं थांबवायच्या धडपडीत आणखी रडले. आसवं सरळ तिच्या तोंडावर पडत होती आणि ती ती पुसत नव्हती, कारण तिचे हात माझ्या तोंडाला होते.

फुगा हळूहळू विरला. छिद्र मिटलं होतं. डाग लहान झाला, गेला नाही. डॉक्टर म्हणाले, हे बरंच चांगलं आहे, याहून जास्त धरू नका. नजर जरा वर उचलून पाहिलं की खालचं थोडं दिसतं, तसं पाहायची सवय करा. आता मी मायच्या भांगाकडे पाहते तेव्हा तिचे डोळे अर्धवट दिसतात. ओठ दिसत नाहीत. मोबाइलवर अक्षरं मोठी केली की एकेक अक्षर जुळवत वाचता येतं, पण ओळीच्या शेवटापर्यंत जाताना सुरुवात काय होती ते विसरायला होतं. मशीनवर मला आता कुणी उभं करणार नाही. शिकवायच्या, तपासायच्या, कागदाच्या कामांसाठी मी अर्ज केले. एकदोन ठिकाणी बोलावणं आलं. तिथं गेल्यावर आधी टेबलावरचा कागद वाचायला दिला.

कामगार कार्यालयात बाबांनी तक्रार दिली आहे. तारखेला आम्ही नागपूरला जातो. शेठकडून कधी वकील येतो, कधी कुणीच येत नाही. एका तारखेला भाऊ आले होते. त्यांनी आधी सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. बाहेर व्हरांड्यात ते माझ्या अगदी जवळून गेले. चाल ओळखीची होती. मी "भाऊ" म्हणाले. ते थांबले, आणि मग पावलं पुढं गेली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते पाहता आलं असतं तर कदाचित मला माफ करता आलं असतं किंवा मनापासून तिरस्कार तरी करता आला असता. आता दोन्ही होत नाही. पुढची तारीख दिली आहे.

बाजाराच्या दिवशी मायसोबत मी मंगरूळपीरला जाते. घरात बसून राहू नको, असा तिचा हट्ट. गर्दीत ती माझं कोपर धरून चालते आणि न थांबता हळू आवाजात सांगत असते, "समोरून तुही शायेतली मास्तरीणबाई येऊन राह्यल्या. हास." मी हसते. पुष्कळदा तोवर मास्तरीणबाई पुढं निघून गेलेल्या असतात आणि मी कुणा अनोळखी माणसाकडे पाहून हसत असते. ते माझ्याकडे कसं पाहतात ते मला कळत नाही, मायला कळतं. ती कोपर जरा घट्ट धरते आणि मला भाजीवाल्यांच्या पालाकडे वळवते.